रसायनाचार्य लीबिग

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या संस्थानांत तो देश विभागलेला होता. त्यांपैकी हेसेन संस्थानची राजधानी डार्मस्टाट या गावी १२ मे १८०३ रोजी युस्टुस लीबिगचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे रंग, रोगण आणि औषधी द्रव्ये विकण्याचे दुकान होते. दुकानातील बराचसा माल ते स्वतःच तयार करीत. त्यासाठी त्यांनी एक लहानसे काम करण्याचे ठिकाण उभारले होते. तेथे भट्टी असे, कढया असत, नाना प्रकारचे वास दरवळत असत. लहानगा युस्टुस तासन्‌तास तेथे रेंगाळे. कोणता पदार्थ कशात मिसळला म्हणजे कोणता रंग येतो, हे त्याने अक्षरे गिरवण्याच्या वयातच पाहून ठेवले होते.

गावच्या बाजारात कधीकधी एक फिरता विक्रेता येई. तो मुलांसाठी फटाके तयार करून विकी. त्या फटाक्यांत रुप्यापासून बनवलेला एक भयंकर स्फोटक पदार्थ चिमूटभर घातलेला असे. इतर मुले फटाक्याचा आवाज ऐकून टाळ्या पिटीत. युस्टुस मात्र त्या माणसाच्या हातांकडे पाहत राही. त्याने वापरलेल्या द्रवाचा वास ओळखून तो द्रव मद्यार्क आहे हे या मुलाने ताडले आणि घरी जाऊन तसाच पदार्थ तयार केला! संस्थानिकाच्या ग्रंथालयातील रसायनशास्त्राची पुस्तके वडिलांसाठी आणण्याच्या निमित्ताने त्याला हाताळावयास मिळत. मांडणीवर जशी लागली असतील तशी, एकामागून एक, तो ती वाचून काढी आणि त्यांत वर्णिलेला जो प्रयोग घरच्या साधनांनी करता येण्याजोगा असेल तो पुनःपुन्हा करून पाही.

शाळेत मात्र त्याची गणना मंदबुद्धी मुलांत होई. लॅटिन व ग्रीक या भाषांचे पाठ त्याच्या डोक्यात शिरत नसत. पुढे कोण होण्याचा विचार आहे, असे एकदा मुख्याध्यापकांनी त्याला रागाने विचारले. आपण रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने सांगताच सारा वर्ग हसू लागला. मुख्याध्यापकांनाही हसू आवरेना. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. रसायनशास्त्र हा आयुष्यभराचा व्यवसाय होऊ शकतो, ही कल्पनाच त्या काळी कोणास नव्हती. औषधे तयार करणाऱ्याला रसायन लागे, रंगाऱ्याला लागे, साबण करणाऱ्याला लागे. पण नुसते रसायन शिकून पोट कसे भरणार?

अखेर वडिलांनी त्याला हेपेनहाइम या गावी एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस ठेवले. सुमारे दहा महिन्यांतच तो घरी परत आला. रात्री खोलीत स्फोटक पदार्थाचे प्रयोग करताना छपराची खिडकी उडाली आणि मालकाने त्याची पाठवणी केली, अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्य किती हा प्रश्न वेगळा; परंतु ज्याने ती रचली असेल त्याला लीबिगचा स्वभाव चांगला ठाऊक होता, यात शंका नाही.

याच सुमारास त्या मुलखाने एक मोठे संकट पाहिले. १८१५ साली दूर इंडोनेशियातील तांबोरा पर्वताचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ आकाशात उंच पसरल्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके कुजली, धान्य महागले, माणसे उपाशी राहिली. तेव्हा लीबिग १३ वर्षांचा होता. अन्न कशाचे बनते आणि शरीर त्याचे काय करते, हा प्रश्न पुढे त्याच्या आयुष्यात वारंवार आलेला दिसतो.

१८२० साली तो बॉन येथील विद्यापीठात दाखल झाला आणि पुढे कास्टनर या प्राध्यापकांच्या मागोमाग एर्लांगेनला गेला. खनिजांचे पृथक्करण, म्हणजे एखाद्या खनिजात कोणकोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत हे शोधून काढण्याची रीत, शिकवण्याचे कास्टनरांनी त्याला आश्वासन दिले होते. ते कधीच पुरे झाले नाही. तेथे व्याख्याने होती, भारदस्त शब्द होते, निसर्गाविषयीचे तत्त्वज्ञान होते. परंतु विद्यार्थ्याच्या हाती परीक्षानळी देणारे कोणी नव्हते. पोहणे जणू काठावर बसून शिकवले जात होते.

हेसेनच्या संस्थानिकाने दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बळावर १८२२ साली लीबिग पॅरिसला गेला आणि तेथे त्याचे डोळे उघडले. पॅरिसमधील आचार्य आधी मोजीत आणि मग बोलत. लहानपणीचा तो स्फोटक पदार्थ घेऊन लीबिगने त्याचा कसून अभ्यास केला व आपला निबंध तेथील विज्ञानसभेपुढे सादर केला. सभेत उपस्थित असलेल्या एका प्रौढ गृहस्थाने त्याची आस्थेने विचारपूस केली. तो गृहस्थ म्हणजे जगप्रसिद्ध प्रवासी व शास्त्रज्ञ हुम्बोल्ट. त्याच्या शब्दामुळे गे-ल्युसाक या थोर रसायनशास्त्रज्ञाने लीबिगला आपल्या खाजगी प्रयोगशाळेत प्रवेश दिला. तेथे गुरुशिष्य खांद्याला खांदा लावून काम करीत. एखादा प्रयोग मनासारखा साधला म्हणजे गे-ल्युसाक आनंदाच्या भरात शिष्याचा हात धरून मेजाभोवती चक्क नाचत असे! असे शिक्षण पॅरिसमध्येही मोजक्या भाग्यवंतांनाच मिळे. जे आपल्याला नशिबाने लाभले ते सर्वांना का लाभू नये, हा विचार घेऊन लीबिग मायदेशी परतला.

हुम्बोल्टच्या शिफारशीवरून १८२४ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, गीसेन या लहानशा गावातील विद्यापीठात त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. प्रयोगशाळेसाठी त्याला एका ओस पडलेल्या लष्करी बराकीतील पहारेकऱ्यांची इमारत मिळाली. जागा अपुरी होती. कोळशाच्या भट्ट्यांचा धूर आणि आम्लांची वाफ बाहेर जाण्यास पुरेशी वाट नसे. कडाक्याच्या थंडीतही दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. लीबिगचा पगार तुटपुंजा होता आणि त्यातूनच त्याला प्रयोगशाळेचा बराचसा खर्च भागवावा लागे. औषधनिर्मिती व रसायन शिकवणारी एक संस्था विद्यापीठात काढावी, अशी त्याने मागणी केली. विद्यापीठाच्या धुरीणांनी ती नाकारली. विद्यापीठाने सरकारी अधिकारी घडवावयाचे असतात, औषधे कुटणारे आणि साबण करणारे नव्हेत, असे त्यांचे मत पडले. तेव्हा १८२६ साली लीबिगने खाजगी रीतीनेच आपला वर्ग सुरू केला. पुढे १८३५ साली विद्यापीठाने तो आपला मानला.

या वर्गातील शिक्षणाची रीत त्या काळी अगदी नवी होती. नवा विद्यार्थी आला की त्याच्यापुढे बाटल्या ठेवल्या जात. त्यांत काय आहे हे त्याला सांगितले जात नसे. ते त्याने स्वतः ओळखावयाचे. यात हात बसला की मग त्या पदार्थांत कोणते मूलद्रव्य किती आहे हे तोलून काढावयाचे. त्यानंतर काही पदार्थ स्वतः तयार करावयाचे. एवढे झाल्यावर त्याला असा एखादा प्रश्न मिळे, की ज्याचे उत्तर लीबिगलाही ठाऊक नसे. रोज सकाळी प्रत्येकाने आदल्या दिवशी काय केले आणि आज काय करण्याचा बेत आहे हे सांगावयाचे. लीबिग एक तर ते मान्य करी, नाही तर त्यातील खोट दाखवी. वाट मात्र ज्याची त्याने शोधावयाची. विद्यार्थी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कामात गढून जात. या व्यवस्थेविरुद्ध तक्रार करणारा एकच माणूस होता. तो म्हणजे प्रयोगशाळेचा नोकर. झाडलोट करण्यासाठी विद्यार्थ्यांना संध्याकाळी बाहेर कसे काढावे, हे त्या बिचाऱ्याला कळत नसे.

परंतु नुसती हौस पुरेशी नव्हती. साखर, चरबी, मद्यार्क, मांस असे सजीवांपासून मिळणारे पदार्थ मुख्यतः कर्ब, हायड्रोजन, प्राणवायू आणि नत्र या चारच मूलद्रव्यांचे बनलेले असतात. त्यांच्यातील भेद प्रमाणाचा असतो. त्यामुळे हे प्रमाण अचूक मोजल्याखेरीज एक पाऊलही पुढे टाकता येत नव्हते. हे मोजमाप फार किचकट होते. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या विद्येतील श्रेष्ठ आचार्य. त्याच्यासारख्या निष्णाताचाही त्यात बराच काळ जाई. मग नवशिक्याची काय कथा?

ही अडचण लीबिगने १८३१ साली दूर केली. त्याने तळहातावर मावेल असे काचेचे एक उपकरण तयार केले. वाकवून त्रिकोणाकृती केलेली एक काचेची नळी आणि तिला फुगवलेले पाच गोळे, एवढेच त्याचे स्वरूप. गोळ्यांत पोटॅशच्या तीव्र क्षाराचे पाणी भरलेले असे. तपासावयाचा पदार्थ तोलून घेऊन तो तांब्याच्या ऑक्साइडबरोबर एका नळीत तापवला म्हणजे पूर्णपणे जळतो. त्यातील हायड्रोजनचे पाणी होते आणि कर्बाचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो. पाण्याची वाफ कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळीत शोषली जाते. नंतर वायू बुडबुड्यांच्या रूपाने पाच गोळ्यांतून जातो आणि तेथील क्षारात अडकून पडतो. प्रयोगाच्या आधी आणि नंतर उपकरण तोलले, की वाढलेले वजन तेवढा वायू मिळाला. त्या वायूच्या दर ४४ भागांत १२ भाग कर्ब असतो. तेव्हा मूळ पदार्थात कर्ब किती होता हे साध्या त्रैराशिकाने निघते. ज्या कामाला पूर्वी असामान्य हस्तकौशल्य लागे ते आता थोड्या सरावाने कोणाही चिकाटीच्या विद्यार्थ्याला साधू लागले. या पाच गोळ्यांचे चित्र अमेरिकन रसायनसंस्थेच्या बोधचिन्हात घेतलेले आहे.

कर्ब व हायड्रोजन यांची सोय झाली. नत्राचे मोजमाप तेवढे राहिले. आणि नत्राखेरीज प्रथिनांचा पत्ता लागत नाही. अंड्यातील पांढरा बलक, दुधातील छेना, मांसाचे तंतू आणि डाळींतील पौष्टिक भाग हे सारे प्रथिनांचे प्रकार आहेत. साखर, पिष्ट आणि चरबी यांत नत्र नसतो. प्रथिनांत तो शेकडा १६ च्या आसपास असतो. म्हणून अन्नातील नत्र सापडला, की प्रथिनाची वाट सापडली. लीबिगच्या हाताखाली काम करणाऱ्या विल व फारेनट्राप या दोघांनी १८४१ साली त्यासाठी एक रीत बसवली. पदार्थ चुना व दाहक सोडा यांच्या मिश्रणाबरोबर तापवावयाचा. नत्राचा अमोनिया होऊन बाहेर पडतो. तो आम्लात धरून ठेवावयाचा आणि त्याचे प्रमाण काढावयाचे. ही रीत पुढे सुमारे चाळीस वर्षे चालली. १८८३ साली डेन्मार्कमधील केल्डाल याने गंधकाम्लात पदार्थ उकळण्याची अधिक सोपी रीत काढली, तेव्हा ती मागे पडली.

याच काळात प्रथिनांविषयी एक मोठा वाद उत्पन्न झाला. १८३८ साली हॉलंडमधील मुल्डर याने अंड्यातील बलक, रक्त इत्यादींचे पृथक्करण केले. त्याला असे आढळले, की या सर्वांचे घटक जवळजवळ एकाच प्रमाणात आहेत. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की या सर्वांच्या मुळाशी एकच पदार्थ असावा आणि त्याला गंधक व फॉस्फरस कमीअधिक चिकटल्यामुळे हे प्रकार होत असावेत. या मूळ पदार्थासाठी बर्झेलियसने एक नाव सुचवले. ग्रीक भाषेत प्रथम स्थानी असलेला, असा ज्याचा अर्थ, त्या शब्दावरून त्याने ‘प्रोटीन’ हे नाव घडवले. मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्दही ‘प्रथम’ या शब्दाशी नाते सांगतो.

लीबिगला ही कल्पना अतिशय आवडली. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावले. वाटाणे, घेवडा, मसूर यांतील नत्रयुक्त पदार्थ दुधातील छेन्याशी जुळतो आणि वनस्पतींच्या रसातील प्रथिन अंड्याच्या बलकाशी जुळते, असे त्यांना आढळले. गवत खाणाऱ्या गाईच्या अंगी मांस कोठून येते, हे जुने कोडे होते. त्याचे उत्तर लीबिगने दिले, की प्राणी प्रथिने मुळापासून बनवीत नाहीत. ती त्यांना वनस्पतींपासून मिळतात. १८४२ साली त्याने प्राण्यांच्या शरीरातील रसायनावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने प्रथिनांना पहिला मान दिला आणि त्यापुढेही एक पाऊल टाकले. स्नायूंनी केलेले सर्व काम प्रथिने खर्ची पडूनच होते, असे त्याने ठामपणे सांगितले. हे मात्र त्याने मोजलेले नव्हते.

मुल्डरच्या त्या मूळ पदार्थाचे पुढे काय झाले ते मोठे उद्बोधक आहे. मॉस्कोहून गीसेनला आलेल्या लास्कोव्स्की नावाच्या विद्यार्थ्याने मुल्डरने सांगितल्याप्रमाणे गंधकरहित प्रथिन तयार करण्याचा प्रयत्न केला. कितीही केले तरी गंधक शिल्लक राहतेच, असे त्याला दिसून आले. ज्या कल्पनेचा आपल्या गुरूने डांगोरा पिटला तीच एका विद्यार्थ्याच्या तराजूत उणी ठरली. लीबिगने विद्यार्थ्याचा पुरावा मान्य केला आणि मुल्डरचे मत जाहीरपणे सोडून दिले. येथवर त्याचे वर्तन शास्त्रज्ञाला शोभण्यासारखे होते. परंतु आपणही कालपर्यंत त्याच मताचा पुरस्कार करीत होतो, याची आठवण त्याने ठेवली नाही. सारा दोष त्याने मुल्डरवर ढकलला. मुल्डरला ते वर्मी लागले. १८४६ साली त्याने लीबिगवर कडक टीका करणारी एक पुस्तिकाच छापली. लीबिग पराकाष्ठेचा तापट होता. त्याची लेखणी अनेकांना झोंबली आणि तिने अनेक मित्र दुरावले. त्याचा जिवलग मित्र व्योलर हा तितकाच शांत स्वभावाचा होता. १९०० साल उजाडेल तेव्हा आपण दोघेही मातीस मिळालेले असू आणि या भांडणांत कोण बरोबर होता हे कोणी विचारणार नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्याने लीबिगला आवरण्याचा प्रयत्न केला. तो फारसा सफल झाला नाही.

त्याच १८४६ साली लीबिगने ताज्या चीजमधील प्रथिन तीव्र क्षाराबरोबर तापवून एक नवा स्फटिकमय पदार्थ मिळवला. चीजला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने त्याला टायरोसिन असे नाव दिले. हे अनेक अमिनो आम्लांपैकी एक. मण्यांची माळ ओवावी तशी निरनिराळी अमिनो आम्ले एकमेकांना जोडून प्रथिन बनते, हे पुढच्या शतकात स्पष्ट झाले. पण टायरोसिनचा उपयोग त्याआधीच होऊ लागला. १८४९ साली मिलाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पारा व नत्राम्ल यांपासून एक द्राव तयार केला. तो प्रथिनात घालून तापवला असता विटेसारखा लाल रंग येतो. हा रंग टायरोसिनमुळे येतो.

महाविद्यालयांतील जीवरसायनशास्त्राच्या वर्गांत प्रथिने ओळखावयास शिकवताना मिलाँची ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या करून घेण्यात आली. पारा विषारी असल्यामुळे अनेक ठिकाणी ती आता टाळतात. मात्र तिच्यात एक मौज होती. विद्यार्थ्याला अंड्याचा बलक दिला, तर रंग झकास येई. जिलेटिन दिले, तर जेमतेमच येई. जिलेटिन हे प्रथिन खरे, पण त्यात टायरोसिन जवळजवळ नसते. एकाच परीक्षेवर विसंबणारा विद्यार्थी हमखास फसे. म्हणून त्याला दुसरी परीक्षाही शिकवीत. क्षार घालून मोरचुदाचे थोडेसे पाणी मिसळले की प्रथिनाचा द्राव जांभळा होतो. ही बाययुरेट परीक्षा. अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे जे दुवे, त्यांना ती ओळखते. जिलेटिन तिच्यातून निसटत नाही. १९५१ साली अमेरिकेतील लौरी व त्याच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींचा उपयोग करून अत्यल्प प्रथिन मोजण्याची रीत बसवली. तिच्यातील निळा रंग काही अंशी लीबिगच्या टायरोसिनमुळेच येतो.

नुसत्या नत्रावर विसंबले तर काय होते, याचे एक भीषण उदाहरण २००८ साली चीनमध्ये घडले. दुधातील प्रथिनाचे प्रमाण तेथे नत्र मोजून ठरवले जाई. मिळालेल्या नत्राला ६.२५ ने गुणले, की प्रथिन किती ते निघते. हे जाणून काही लबाड लोकांनी दुधात पाणी ओतले आणि नत्राची भर करण्यासाठी त्यात मेलामाइन नावाचा पदार्थ मिसळला. मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नत्रच असतो. पण तो प्रथिन नव्हे आणि अन्नही नव्हे. नत्राच्या मोजणीत ते दूध सकस ठरले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि ६ दगावली. बाययुरेट परीक्षा मेलामाइनला फसत नाही, कारण अमिनो आम्लांचे दुवे त्यात नाहीतच. योगायोग असा, की हे मेलामाइन प्रथम तयार करणारा रसायनशास्त्रज्ञ लीबिगच होता; ते त्याने १८३४ साली तयार केले होते. त्याला अर्थातच पुढची कल्पना असणे शक्य नव्हते.

गीसेनची कीर्ती एव्हाना दूरवर पसरली होती. १८३९ साली इमारत वाढवण्यात आली. विषारी वायू बाहेर नेणारी धुराडी असलेली ऐसपैस दालने तयार झाली. युरोपच्या कानाकोपऱ्यांतून आणि अमेरिकेतूनही विद्यार्थी येऊ लागले. २८ वर्षांत सुमारे ७०० जणांनी तेथे शिक्षण घेतले. केकुले हा तरुण वास्तुशास्त्र शिकण्यासाठी गीसेनला आला होता. लीबिगची व्याख्याने ऐकून त्याने तो नाद सोडला आणि तो रसायनशास्त्रज्ञ झाला. होफमान १८४५ साली लंडनला गेला आणि तेथील नव्या रसायन महाविद्यालयाचा प्रमुख बनला. हॉर्सफर्डने हीच शिक्षणपद्धती अमेरिकेत हार्वर्ड येथे नेली. अनोळखी पदार्थाची बाटली विद्यार्थ्यापुढे ठेवण्याची रीत अशा प्रकारे एका लहानशा गावातून जगभर गेली.

शेतीच्या रसायनावरील लीबिगचा १८४० सालचा ग्रंथही फार गाजला. पिके जमिनीतून जी खनिजे घेतात ती तिला परत दिली पाहिजेत, हे त्यातील सूत्र आजही खरे आहे. त्याने स्वतः बनवलेले खत मात्र अयशस्वी ठरले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्याने ते पाण्यात न विरघळणारे केले. मग ते पिकांच्या मुळांनाही मिळेना!

१८५२ साली बव्हेरियाच्या राजाने त्याला म्यूनिकला बोलावले. लीबिग तेव्हा ४९ वर्षांचा होता. धुराने व श्रमाने तो थकला होता. यापुढे विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत शिकवण्याचे बंधन आपल्यावर नसावे, ही अट घालून तो गेला. ज्या कामाने तो मोठा झाला तेच त्याने खाली ठेवले. म्यूनिकमध्ये त्याने शहरातील नागरिकांसाठी सुंदर व्याख्याने दिली. १८५३ साली अशाच एका प्रसंगी वायूचा स्फोट होऊन काचेचे तुकडे श्रोत्यांत उडाले. पुढच्या आसनांवर बसलेल्या राजघराण्यातील मंडळींनाही जखमा झाल्या. डार्मस्टाटच्या बाजारातील ते स्फोटाचे वेड त्याला उतारवयातही सोडावयास तयार नव्हते.

स्नायूंचे काम प्रथिनांवरच चालते, हे त्याचे मत अजून सर्वत्र मान्य होते. १८६५ साली झुरिकचे फिक व विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न या डोंगरावर चढले. चढ जवळजवळ २,००० मीटरांचा होता. प्रवासात त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले. पिष्ट, चरबी आणि साखर एवढेच घेतले. त्या काळातील आपले मूत्र साठवून त्यांनी त्यातील नत्र मोजला आणि शरीरात किती प्रथिन खर्च झाले याचा हिशेब केला. काही काळ गीसेनमध्ये काम केलेल्या फ्रँकलंडने प्रथिन जळताना किती उष्णता निघते ते मोजून दिले. हिशेब जुळेना. खर्च झालेल्या प्रथिनात दोन माणसांना एवढ्या उंचीवर नेण्याइतकी शक्ती नव्हतीच. चढण्याचे काम पिष्ट व चरबी यांनी केले होते. नत्र मोजून शरीरातील व्यवहार जाणावा, ही दृष्टी लीबिगनेच दिली होती. त्याच मापाने त्याचे मत खोटे ठरले. १८७० साली लिहिलेल्या एका दीर्घ लेखात त्याला आपल्या मताला मुरड घालावी लागली.

मांसाचा अर्क काढून तो टिकवण्याच्या त्याच्या रीतीवर दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे येथे मोठा कारखाना निघाला आणि लीबिगचे नाव घरोघरच्या स्वयंपाकघरांत पोचले. त्या अर्काला चव उत्तम होती. मात्र मांसातील प्रथिन त्यात फारसे उतरत नसे. म्हणून मांसाची जागा तो घेऊ शकत नाही, असे इतर शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले.

१८ एप्रिल १८७३ रोजी म्यूनिक येथे लीबिगचे निधन झाले. गीसेनची जुनी प्रयोगशाळा १९२० साली संग्रहालय म्हणून खुली करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली तिची हानी झाली. युद्धानंतर ती दुरुस्त करून १९५२ साली पुन्हा उघडण्यात आली. विद्यार्थ्यांची मेजे, काचेची उपकरणे आणि भट्ट्या तेथे पाहावयास मिळतात.